तिसरी साक्ष

वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. भाऊ नुकताच आत वडिलांना भेटून आला होता.

“बाबा तर ठणठणीत आहेत, ताई. उगाच मला विमानानं पळवलंस.”

“ऐक तर. शेजारच्या खाटेवर एक इराणी आजोबा होते, फक्त फारसी बोलायचे. समोर बोट दाखवून ‘दर, दर’ म्हणायचे. बाबा खूश! दर, दार, द्वार, सगळं एकच गोत्र म्हणे.”

“जन्मभर शब्दकोश केला, आणखी काय सुचणार?”

“त्याच रात्री आजोबा गेले. मग तिथं एक रशियन गृहस्थ आले. तेही तिकडेच बघून ‘द्व्येर’ म्हणाले. तेही त्याच गोत्रातलं. काल तेही गेले.”

“योगायोग गं.”

“बाबा म्हणतात, दोन साक्षी झाल्या. तिघांनी सांगितल्याशिवाय मी कोशात शब्द घेत नाही, तर हे कसं मानू? तिसरा भेटला की निघतो.”

“निघतो म्हणजे?”

“त्या दारातून! म्हणून मी नर्सच्या हातापाया पडून ती खाट रिकामी ठेवलीय. आता सांगायला कुणी नाही.”

“एवढं काय घाबरायचं?”

“अरे, तिथं दारच नाहीये. मी हात फिरवून पाहिलाय. कोरी भिंत आहे.”

“…ताई, मघाशी बाबांनी विचारलं, समोर काय दिसतंय?”

“मग?”

“म्हटलं, दार. जरा उघडं होतं, म्हणून लावून घेऊ का विचारलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, राहू दे.”