आबांच्या ओरडण्याची जागा

आमचा रॉक अल्बम आमी हिंगोलीजवळच्या गोरेगावात, शेळ्यांच्या गोठ्यात रेकॉर्ड केला होता, ठाऊक हाय ना? तिसऱ्या गाण्यात माझे वडील, आबा, ओरडत आत आले, "बंद करा ते, शेळ्या बुजून राहिल्या." आमी ते तसंच ठेवलं. तवा अल्बम कुणी ऐकला न्हाई. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी इंटरनेटवर टाकला अन् लोक त्या ओरडण्यावरच फिदा झाले.

औंदा हिंगोलीत कार्यक्रम ठरला. आबांनी त्या दिवसानंतर आमचं वाजवणं ऐकलंच नव्हतं. त्यांना माइकपुढं बसवलं. ओरडायची जागा आली, आमी थांबलो. आबा गप. सगळा हॉल श्वास धरून. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"आबा, ओरडा की."

ते माइकमध्येच बोलले, "काहून ओरडू? आज बराबर वाजवून राहिले तुमी."