उंबऱ्यावरून परत

नाही हो इंजिनिअर, पासवर्ड चुकला नव्हता – तुम्ही कुएंका शहरातून आलात, तुम्हाला आधी तेच वाटणार – पासवर्ड बरोबर, यंत्र बरोबर, मीही बरोबरच होते. गुरुवार होता, बाजाराचा दिवस. मोतेचा मका उकडायला चुलीवर ठेवून आले होते, म्हणून जरा घाईत. मंडळाचं दार उघडलं, फरशी पुसली, मेल उघडते तर आमची पत्रं पाठवणाऱ्या त्या कंपनीचा निरोप. तुमचं खातं थांबवलं आहे. का? तर तुमच्या पत्रांविषयी फार तक्रारी आल्या. आता मृत्युनिधी मंडळ आमचं, मी पाठवते ती मरणाची सूचना – कोण गेलं, कुठं ठेवलंय, माती कधी – त्याची तक्रार कोण करणार? मेलेला तर करणार नाही. हसा, हसा, आमच्यात चालतं. अध्यक्ष डॉन एलॉय दारातून डोकावून म्हणाले, "डोन्या तार्खेलिया, तुमच्या यंत्राला आता मरणाचंही वावडं झालं की काय?" मी म्हटलं, तुमची पाळी येईपर्यंत करते दुरुस्त. आणि दुपारी वरच्या कुरणावरून दोघं जण आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. टोप्या काढल्या. आर्सेनिओ बटाट्याच्या वाफ्यात पडला होता. आर्सेनिओ, माझा नवरा. म्हणजे बघा, गावातल्या प्रत्येकाची सूचना मी पाठवली, आणि त्याची तेवढी अडकली. ती अजून आतच आहे. तिकडे स्पेनमध्ये, मुर्सियात आमचा मुलगा आहे, क्लेव्हर, एकुलता एक. त्याला अजून माहीत नाही.

फोन? – होतो की. तो दर रविवारी करतो. तुम्ही आधी तक्रारींचं ऐका, मग फोनचं.

मघाशी तुम्ही आकडा दाखवलात ना, लोक पत्र उघडतात, नीट वाचतात आणि मग स्पॅमचं बटण दाबतात, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मरणाची सूचना घरात ठेवत नाहीत. पूर्वी काळ्या किनारीचा छापील कागद असायचा. मंडळाचा माणूस दाराशी उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही. तुम्ही वाचायचं, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि कागद त्याच्या हातात परत. घरात राहिला तर घरातलं माणूस मागतो म्हणतात. आणि तोंडानं तर कुणी सांगतच नाही – मरण तोंडातून काढलं की त्याला वाट सापडते. सांगायचं ते मंडळानं, कागदानं. मग अर्धं गाव परदेशी गेलं, कागद जाऊन ईमेल आली. आता ईमेल परत कशी करायची? खोडावी तर ती कचऱ्याच्या डब्यात जाते – तिथं डब्याचं चित्रच आहे – आणि आपल्या माणसाला कचऱ्यात कोण टाकेल? तेव्हा कुणीतरी हे दुसरं बटण शोधलं. दाबलं की पत्र घराबाहेर. एकानं दुसऱ्याला शिकवलं असणार, जावेनं जावेला. सगळे श्रद्धेनं दाबत राहिले आणि ती कंपनी तिकडे तक्रारी मोजत बसली. तिचंही काय चुकलं म्हणा, तिला कुठं उंबरा आहे.

तुम्ही केलंत ते बरं केलंत. नवी कंपनी, डोमेनमध्ये त्या नव्या ओळी, म्हणजे पत्र खरंच मंडळाचंच आहे हे तिकडच्यांना पटतं – हो हो, समजलं, शिक्क्यासारखंच. त्या ओळींपुढचं चिन्ह हिरवं व्हायची कालपासून वाट बघत बसले होते मी. मधेमधे उठून बघायचे, की अजून पिवळंच. दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशी. आणि पत्राच्या तळाशी ही ओळ तर फारच छान – "वाचली, परत घ्या". दाबलं की तक्रार होत नाही, इथं माझ्याकडे नुसती खूण येते. कोणी वाचली, कोणी परत केली. जुन्या माणसाच्या हातात कागद यायचा तसंच झालं की हे. तुम्हाला सुचलं कसं?

काय? – क्लेव्हरचं होय. विसरला नाहीत तुम्ही.

तो गेला तेव्हा बापाचा आशीर्वाद न घेता गेला. आपल्यात कोण जातं असं? गुडघे टेकायचे, बापानं डोक्यावर हात ठेवायचा, मग बसमध्ये चढायचं. हा बसच्या पायरीवरून म्हणाला, "उशीर होतोय, पप्पा." एवढंच. आणि ह्यांनी चौकात, सगळ्यांसमोर म्हटलं, "जा. मी मेलो की मंडळाची सूचना येईल तुला, बाकीच्यांना येते तशी." रागीट नव्हते हो. बसची धूळ बसेपर्यंत तिथंच उभे होते. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. क्लेव्हर फोनवर मला विचारायचा, आई, पाऊस आहे का, गाय व्याली का. बापाचं नाव नाही. हे पलीकडे बसून सगळं ऐकायचे आणि फोन ठेवला की मला म्हणायचे, "काय म्हणत होता?"

म्हणून मी ठरवलं, सूचनाच जाऊ दे. त्यांनी म्हटलं होतं तशी. गाव समजतंय की त्याला गेली, कुणी मला विचारत नाही, सगळे खाली बघतात. आणि रविवारी त्याचा फोन आला. मी म्हटलं, पाऊस आहे रे. तो म्हणाला, "आई, पप्पांना दे जरा. आशीर्वाद मागायचा राहिलाय, या महिन्यात येतोय मी."

मी म्हटलं, ते वर कुरणावर गेलेत.

नाही, तसं नका बघू. मला वाटलं सोमवारी यंत्र सुरू होईल, ते सांगेल. पुढच्या रविवारी देते म्हटलं मी त्याला फोन. उत्साहानं म्हटलं, बरं का. तो म्हणाला, मग पुढच्या रविवारी नक्की.

आज शुक्रवार. आणि आता तुम्ही म्हणता हिरवं झालं, रांगेत तीन आहेत, बटण दाबा. पहिली ह्यांची. तिच्यात गुरुवार लिहिलाय. तो वाचेल गुरुवार, मग त्याला आमचं रविवारचं फोनवरचं बोलणं आठवेल. तारीख बदलता येते, मला माहीत आहे, मीच तर टाइप करते – पण थडग्याच्या दगडावर कोरून झालीय. आणि वाचून तो खालची ओळ दाबेल, रीत आहे ती, तेवढी तो पाळेल. इथं खूण उमटेल. क्लेव्हर, परत. ती मी बघायची, या खुर्चीत बसून.

थांबा. बाकीच्या दोन पाठवून द्या, त्या लोकांचा काय दोष. ही राहू दे. नाही, खोडू नका, तिथंच ठेवा.

आपल्याकडे पाचव्या दिवशी मेलेल्याचे कपडे नदीवर नेतात, तुमच्या घरीही करत असतील. पहिला सदरा मुलानं पाण्यात घालायचा. मुलगा असताना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शेजारणी दोनदा साबण घेऊन आल्या, मी म्हटलं येतोय तो.

जा आता, तुमची बस चौकात लागली असेल. तो मका घेऊन जा, पानात बांधलाय. नदीकडच्या वाटेनं जाऊ नका, चिखल आहे. दार ओढून घ्या.

त्यांच्या कपड्यांची पिशवी घरी खुंटीला आहे. कपडे अजून धुतलेले नाहीत.