सर्व्हर सगळं विसरला त्या सकाळी

(औंध. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची सकाळ. फोन सोप्यात आहे, संगणक आतल्या खोलीत. शालूबाई आतल्या खोलीच्या दारात रिसीव्हर धरून उभ्या आहेत. सून अंकिता आत, तिथं ती पोरींचा संगणक क्लास चालवते. फोनवर झाशीहून तिचा नवरा ऋषिराज, फौजेतला.)

शालूबाई : सावकाश वाच गं अंकिता. झाशीपतूर जायचं हाय ते.

अंकिता : दोनच ओळी आहेत, आई. सीमॉस बॅटरी लो. आणि खाली, चेकसम फेल्युअर.

शालूबाई : ऋषी, बॅटरी लो झालीय. आन् कोण चेकसम हाय, त्यो नापास झालाय.

ऋषिराज : हां, समजलं. आई, तिला सांग, टेन्शन घेऊ नको. पेटीत एक बारकी बॅटरी असती. आपल्याला काय काय जोडलंय ते मशीनला तिच्यामुळं ध्यानात ऱ्हातं. दिवाळीभर बंद होतं, बॅटरी बसली, समदं इसरलं.

शालूबाई : शेजारच्या म्हाताऱ्या नानांवानी म्हण की. परवा मलाच म्हनले, पाव्हणीबाई, कवा आलासा?

अंकिता : आई, काय म्हणाले ते? परीक्षक साताऱ्याहून आलेत, अंगणात चहा घेतायत. पोरी सगळ्या आल्यात. हा सर्व्हर उठला नाही तर बाकीची चार मशीनं नुसते ठोकळे. परीक्षा कशावर घेऊ?

शालूबाई : टेन्शन घ्यायचं न्हाई म्हणतोय. मी घेतलंय तेवढं बास.

ऋषिराज : एफ वन दाबायला सांग. सेटअपचं निळं पान येईल.

शालूबाई : एफ वन दाब गं.

अंकिता : आलं! पण तारीख एकोणीसशे ऐंशीची दाखवतंय.

शालूबाई : ऐंशी साल आलंय रं. तवा तू आंब्यावनं पडला हुतास.

ऋषिराज : आई, बूथवर माझ्या मागं जवानांची लाईन लागलीय! हार्ड डिस्कच्या ओळीवर काय लिवलंय, तेवढं इचार.

शालूबाई : डिस्कच्या ओळीवर काय हाय?

अंकिता : नॉट इन्स्टॉल्ड.

शालूबाई : नाट लागलाय म्हणतीया.

ऋषिराज : नाट न्हाई गं! डिस्क हाय, पन मशीनला ते ठाऊक न्हाई. सिलिंडर, हेड, सेक्टर, ह्यांचे आकडे हातानं भरायचे.

शालूबाई : अंकिता, शिलिंडर किती हाईत इचारतोय.

अंकिता : एकच. तोही संपत आलाय. पण ते आत्ता कशाला?

शालूबाई : एकच हाय, संपत आलाय.

ऋषिराज : गॅसचा न्हाई, आई! डिस्कवर स्टिकर हाय, त्यावर आकडे हायत. पेटी उघडावी लागंल. आधी प्लग काढा म्हणावं.

शालूबाई : प्लग काढ आन् पेटी उघड. डिस्कवर स्टिकर हाय म्हणतोय. शिलाई मशीनच्या खणात पेचकस बघ.

अंकिता : मिळाला. उघडते.

ऋषिराज : तवर एक सांगतो. आम्हा दोघांना ऱ्हायला क्वार्टर मिळालं, आई! दोन खोल्या, म्होरं बारकी बाग. लग्न झाल्यापासनं अर्ज करत हुतो. सांग तिला.

शालूबाई : आत्ता न्हाई.

ऋषिराज : का?

शालूबाई : तिच्या हातात पेचकस हाय.

अंकिता : आई, काय म्हणतायत?

शालूबाई : बरा हाय म्हणतोय. तू आकडे सांग.

अंकिता : सिलिंडर नऊशे ऐंशी. हेड दहा. सेक्टर सतरा.

शालूबाई : नवशे ऐंशी, धा, सतरा.

ऋषिराज : बरोब्बर. पेटी लावा, चालू करा, निळ्या पानावर तेवढं भरा. आन् शेवटी एफ... हॅलो? आई, शेवटी एफ...

शालूबाई : हॅलो? ऋषी? गेला गं. लाईनच मेली.

अंकिता : शेवटी काय म्हणाले?

शालूबाई : आकडे भरायचे आन् शेवटी एफ. फुडचं झाशीतच ऱ्हायलं.

अंकिता : बघते. भरले आकडे. आता बंद करून पुन्हा चालू करते... अरे देवा. परत ऐंशी साल! सगळं पुसलं गेलं, आई.

शालूबाई : रडू नगंस. बाहेर त्या माणसाला आणिक चहा दिऊ आपण.

अंकिता : ही पेटी पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणली तेव्हा सगळे हसले होते. भंगार म्हणाले. आज पोरींना परत पाठवलं तर उद्या कोण पाठवेल त्यांना?

शालूबाई : अजून पाठवल्या न्हाईत की. बघ परत, नीट.

अंकिता : थांबा. पानाच्या तळाला बारीक ओळ आहे. एफ टेन, सेव्ह. हेच सांगत होते! भरलेलं जपून ठेवायचंच राहिलं.

शालूबाई : मग भर परत. मी म्हणते, तू दाब. नवशे ऐंशी. धा. सतरा.

अंकिता : एफ टेन. हो म्हणून सांगते... डिस्क गरगरायला लागली! आई, या, बघा! पहिलं मशीन लागलं. दुसरं... चारही लागली!

शालूबाई : अगं बया! पोरींनो, या गं आत! चपला भाईर काढा!

अंकिता : आई, तुमच्या डोळ्यांत पाणी?

शालूबाई : चुलीवरनं आलीया मघाशी. अंकिता, ऐक. त्याला क्वार्टर मिळालंय. बाग हाय म्होरं.

अंकिता : खरंच? कधी सांगितलं त्यांनी?

शालूबाई : तू पेटी उघडत हुतीस तवा. मीच दाबून ठिवलं. तुझं ध्यान उडालं असतं. माझंबी.

अंकिता : मला जायचंय, आई. खूप जायचंय. पण ह्या पोरींची मोठी परीक्षा मार्चात आहे.

शालूबाई : मग मार्च झाला की जा. तवर ह्यातली एक तयार कर. ती ओवी लय हुशार हाय, तिच्या हाती देऊ क्लास. फोन वाजतोय बघ. मी घेते, तू जा, पोरी बसल्यात.

ऋषिराज : आई, एफ टेन! शेवटी एफ टेन दाबायचं!

शालूबाई : दाबलं. परीक्षा चालू झाली.

ऋषिराज : झाली? कुणी सांगितलं तिला?

शालूबाई : तिनंच हुडकलं.

ऋषिराज : वा रं वा! आन् क्वार्टरचं?

शालूबाई : सांगितलं. मार्च झाला की येतीया. तवर भिंतींना रंग दिऊन घे.

ऋषिराज : मार्च... चालंल. पळत यीन स्टेशनवर. आन् तू गं? एकटी?

शालूबाई : घर पोरींनी भरलंय, एकटी कशी हुईन?

ऋषिराज : ह्यो आवाज कसला येतोय? पाऊस हाय का तिकडं?

शालूबाई : पाऊस कुठला आता? पोरी टाईप करत्यात. दाराकडं धरते, बघ. आलं ऐकू?

ऋषिराज : आलं. बोलू नको, आई. जरा ऐकू दे.