पांडूची गाडी

ऐका तर. सिंगापुरात हौगांगला लेकाकडे राहायला आल्यापासून मराठीत बोलायला मला एकटे जाधवच भेटले होते. परवा आम्ही खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरात चहा पीत होतो, तेवढ्यात समोर पोलिसांची गाडी थांबली. मी मुंबईच्या जुन्या सवयीनं बोललो, "आली बघा पांडूची गाडी!"

जाधवांनी कप खाली ठेवला. "माझे वडील हवालदार होते. नाव पांडुरंग. लोक पांडू पांडू करून चिडवायचे त्यांना."

मनात आलं, एवढा एक माणूस, तोही गेला. "चुकलो हो," म्हणालो.

जाधवांनी गाडीतल्या पोलिसाला हाक मारली, चक्क मराठीत! "याला घेऊन जा रे!"

त्या पोराला ओ की ठो कळलं नाही. हसून म्हणाला, "कॅन, अंकल, कॅन!" म्हणजे इथल्या बोलीत 'हो, चालेल'.

जाधव उठले आणि माझा हात धरून चालायला लागले. "अहो, कुठं नेताय मला?"

"माझ्या घरी. आमच्या हिला सांगा, तुझ्या सासऱ्यांची गाडी सिंगापुरातही फिरते!"