सासऱ्याचं नाव

किंबेच्या धक्क्यावर आम्ही बेटांकडे जाणाऱ्या बोटीसाठी रांगेत उभे होतो. माझ्या पुढे चर्चचा पाळक होण्याचं प्रशिक्षण संपवून घरी निघालेला बुलू होता, आणि त्याला गाठायला धापा टाकत आलेले त्याचे शिक्षक.

"बुलू, एका नावापायी नापास होऊन जाऊ नकोस. आत्ता सांग, इथंच प्रमाणपत्रावर सही करतो."

"उत्तर दिलंय की, सर. कोंबडा आरवायच्या आत येशूला ओळखत नाही म्हणाला, तो कोळी."

"त्याचं नाव?"

"ज्याच्या सासूला ताप आला होता, तो."

"पीटर. एवढं म्हणायला जीभ झडते का तुझी?"

"माझ्या सासऱ्याचं नाव आहे ते. आमच्यात जावई ते उच्चारत नाही."

"सासरा इथं ऐकायला आलाय का?"

"तो नसेल. मी आहे ना."

"अरे, परीक्षा आहे ही."

"तीन महिने घोकून तुमची इंग्रजी शिकलो, सर. त्या इंग्रजीत बाकी काय हवं ते वदवून घ्या. हे नाही."

"आणि चर्चमध्ये वाचताना ते नाव आलं की काय करणार? लोक हसतील."

"गावच्या चर्चमध्ये सहा वर्षं वाचतोय, ते येतंच आहे. तिथं मी थांबतो. मग अख्खं चर्च ते नाव म्हणतं, सासरा सगळ्यांत मोठ्यानं."

"म्हणजे तू वाचणार अर्धवट."

"असेल. पण तुमच्या वर्गात, सर, तुम्ही मध्येच थांबलात तर पुढचा शब्द कोण सांगतं?"