ताहितीचा पेपरवेट

—नाही हो, तो नारळ आमचा नव्हे, लोकांनी ठेवलाय. पायानं बाजूला सारा आणि बसा पायरीवर. चार दिवस कुजतोय, माशा बघा. शेजारच्या काशीबाईची करणी — तुळशीपाशी माझा दगड दिसला, तिनं जास्वंद वाहिली, मग कुणाची म्हैस व्याली, आणि बोटीतून आलेला म्हणून झाला ‘तारवाचो देव’. मी राखेनं घासायचा, यांनी तेलाशेंदरानं माखायचा. शेवटी उचलून घरात नेला, तर रिकाम्या जागेला नारळ. किळस येते. देव कसला? माझ्या टेबलावरचा पेपरवेट तो.

तुम्ही परशुरामाचे जावई, बोटीवर वायरलेस सांभाळता, आणि बोट पुढल्या महिन्यात ताहितीला जाणार — म्हणून मुद्दाम बोलावलं. मीही बोटीवर कारकून होतो. बावन्न साली खोबरं भरायला थांबलो तिथं. जवळच्या बेटावर त्यांचं जुनं देवस्थान, मराए म्हणतात — छप्पर नाही, समुद्राकाठी नुसतं दगडी फरसबंद अंगण, एक चौथरा, आणि उभ्या शिळा. त्या शिळांना पाठ टेकून त्यांचे राजे बसायचे. राजेपण मिळायचं तेही तिथंच. आमच्या सेकंड मेटनं, बोटीवरच्या अधिकाऱ्यानं, काय करावं? बिअरची बाटली घेऊन राजाच्या शिळेला टेकला, म्हणाला फोटो काढा. दुसऱ्यानं चौथऱ्यावर माशांचा डबा फोडला, तेल ओघळलं दगडावरून. बूट काढून उभा होतो तो मी एकटा. रवळनाथाच्या देवराईतली सुकी काटकीसुद्धा चुलीत न घालणाऱ्या गावचा माणूस मी.

मग हा दगड आला कुठून म्हणता? — तेच सांगतोय. अंगणाच्या कोपऱ्यात पडलेला, पांढरा, हाताला गार, कागदांवर ठेवायला बरा — घातला खिशात. बूट हातात, दगड खिशात. अंगणाबाहेर एक म्हातारा झाडू घेऊन उभा होता, त्यानं पाहिलं. ओरडला असता तर ठेवला असता हो मी जागेवर. त्यानं वाळूतली माझी पावलं तेवढी झाडून काढली. मेटची नाही — माझी.

तर माझा विश्वास वगैरे काही नाही, पण ज्याचं त्याच्या घरी गेलेलं बरं. पोस्टानं पार्सल घेतलं नाही, दोघे खलाशी ‘नेतो’ म्हणाले आणि न भेटता बोटीवर चढले. आता सत्तरी आली, ताहितीला जाणारा चौथा माणूस मला कुठून मिळायचा? तुम्ही शिकलेले. अंगणाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायचा, एवढंच. घ्या, या फडक्यात बांधलाय — सोडून बघा, मांडीवर घ्या हवं तर. ओढा ओढा, सिगरेटला माझी ना नाही. तो कोपरा कसा ओळखायचा म्हणाल तर तिथं एक—

कशावर विझवलीत?

नाही, दगडच आहे, बरोबर. मीच म्हणालो. द्या इकडे. नको, तुमच्या हातून नको जायला. — दोन्ही हातांनी द्या.

परशुरामाला सांगा, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. निघा.

काशीबाय गो, वायच तेल घेवन ये.