सोमवारची साक्ष

पारू : ती गाठ सोडू नका काकू, बांबू डोक्यावर येल. आनि मुळात हातच लावू नका. परत आंघोळ करावी लागंल तुमाला.

दमयंती : आंघोळीचं माझं मी बघेन. तू एकटी किती ओढशील? नवशा कुठे आहे?

पारू : धनी दर्यावर. अवसेच्या आत ही बोंबील वाळवायची वलांडी निघाली नाय, तर पोलीस येऊन तोडनार, वर दंड. होडी परत येईपर्यंत कोर्ट थांबतंय होय?

दमयंती : दोरीवर एक बोंबील नाही. अंगण कसं ओकंबोकं दिसतंय.

पारू : त्या नव्या बंगल्यातल्या बाईनं सकाळीच खिडक्या उघडल्यान, बघा. अर्जात काय काय लिवलं व्हतं तिनं. वास, माशा, पोरांना उलट्या. माझ्या सासऱ्याच्या बापानं हितं मासळी वाळवली, तवा बंगल्याच्या जागी केवड्याचं रान व्हतं.

दमयंती : मला नाही कधी वासाचा त्रास झाला.

पारू : हां. हेच बोलायचं व्हतं पालघरला, कोर्टात.

(दमयंती सुंभाची सुटलेली दोरी हातावर गुंडाळत राहते. दोरीला खवले चिकटलेले आहेत, तिकडे तिचं लक्ष नाही.)

पारू : साहेबांनी किती गोडीनं विचारलं. "बाई, तुमचं घर सगळ्यात जवळ. तुम्ही मासळी खात नाही, व्रतवैकल्यं करता. तुम्हीच सांगा, यांच्यापायी तुम्हाला त्रास होतो का?" सगळं कोर्ट तुमच्या तोंडाकडं बघत व्हतं.

दमयंती : मी मान हलवली की.

पारू : "मान हलवलेली लिहिता येत नाही," म्हनाले. "तोंडानं सांगा." तीनदा विचारलं. मग माझ्याकडं बघून म्हनाले, बाई कोळणीला घाबरलेली दिसते. मी घाबरवनार तुमाला? दारात पाल दिसली तर हाका मारता, तवा कोन धावतं?

दमयंती : तूच.

पारू : मग?

दमयंती : सोमवार होता, पारू.

पारू : ठाव हाय. तारीख सोमवारची आली तवाच बोलले मी, दुसरी मागू. तुमीच बोललात, नको, साहेबांना उगीच खेपा, मान हलवून भागेल.

दमयंती : मला वाटलं, भागेल. घरी भागतं ना. तू कुंपणावरून विचारतेस, मी मान हलवते, तुला सगळं कळतं.

पारू : मला कळतं वो. कोर्टाला कसं कळंल?

दमयंती : लिहायला सहीपुरतंच येतं मला.

पारू : एक शब्द काकू. एक "नाय" बोलला असतात. महादेव काय कोपनार व्हता? त्याच्या स्वताच्या गळ्यात साप. त्याला बोंबलाचं काय वावडं?

दमयंती : हसवू नकोस.

पारू : मी हसत नाय.

दमयंती : ह्यांच्या दुखण्यात घेतलेलं व्रत ते. सोमवारी दिवे लागेपर्यंत बोलायचं नाही. हे गेले, तरी सोडवेना. सोडलं तर ह्यांचं म्हणून घरात काय राहतं? कोट होता तो कसरीनं खाल्ला. त्या दिवशी शब्द अगदी ओठापर्यंत आला होता. साहेब डोळ्यांत बघत होते. आणि मला वाटलं, आत्ता बोलले तर हे पुन्हा एकदा जातील.

पारू : मला वाटलं, तुमालाच आमी नको झालो. परतीच्या यष्टीत तेच डोक्यात. तुमी यष्टीच्या थांब्यावर दिसला नाय. म्हटलं, बंगलेवालीच्या गाडीतनं गेल्या असतील.

दमयंती : मी कोर्टाच्या पायरीवर बसले होते.

पारू : कधी?

दमयंती : दिवे लागेपर्यंत. कचेरी बंद झाली. शिपाई कंदील घेऊन आला, तेव्हा माझं व्रत सुटलं. मग त्याला सांगितलं सगळं. मला त्रास होत नाही. पारू पहाटे दोरीवर बोंबील लावताना गुणगुणते, ते ऐकून मी उठते. तिची पोर हंसा कावळे हाकलते, तेवढाच माझ्या दुपारी माणसाचा आवाज. घडाघडा बोलले.

पारू : काय बोलला तो?

दमयंती : म्हणाला, बाई, मला सांगून काय होतंय. हुकूम कायम झाला. पण पाणी दिलं त्यानं.

पारू : आनि आल्या कशा?

दमयंती : शेवटच्या गाडीनं, बोईसरपासून उभ्यानं. तुझ्या दारी दिवा नव्हता. म्हटलं, झोपलात.

पारू : जागीच व्हते. तुमच्या कडीचा आवाज आला. उठले नाय.

दमयंती : बरं केलंस.

पारू : बरं नाय केलं.

दमयंती : मी उद्या जाते पालघरला. उद्या सोमवार नाही. साहेबांच्या पुढ्यात उभी राहून सांगते.

पारू : कालच बोलला तलाठी, ह्या कोर्टानं दिलं ते हेच कोर्ट फिरवत नाय. वर जायचं तर ठाण्याचं कोर्ट. वकील आला, खेपा आल्या. तवर मासळी कुजंल. आनि खरं सांगू, हंसाच्या मामानं नवापूरला किनाऱ्यालगत जागा दावली. भोवती सगळी आपलीच मानसं. वासाला कोन नाव ठेवनार नाय.

दमयंती : म्हणजे वलांडीच नाही, घरही?

पारू : मासळी तिकडं नि मी हिकडं, राखन कोन करनार? होडी आली की निघतो.

दमयंती : नवापूर काही लांब नाही.

पारू : लांब नाय. पन हाक पोचत नाय.

दमयंती : हो.

पारू : काकू, एक काम व्हतं. आमची मांजरी येनार नाय. मांजर घर धरून ऱ्हातंय, मानसं नाय. तिला बघाल?

दमयंती : बघेन. पण माझ्याकडे दूधभात. ती खाईल का गं?

पारू : दोन दिस रुसंल. मग खाईल.